अंडं रंगवायचं नाही, लिहायचं: मेण आणि मेणबत्तीवर पिसांका करण्याची रीत

ईस्टरच्या आठवड्यात बेकऱ्यांमध्ये मांडलेली मार्झिपानची आणि चॉकलेटची अंडी मी लहानपणापासून पाहत आले. खऱ्या अंड्याच्या कवचावर कोणी तासन् तास बसून नक्षी काढतं, हे मात्र कळलं कॅनडात, एडमंटनला राहायला गेल्यावर. शेजारी एक युक्रेनियन आजी होत्या. त्यांना सगळी गल्ली ‘बाबा’ म्हणायची, कारण युक्रेनियनमध्ये बाबा म्हणजे आजी. ‘बाबा आल्या’, ‘बाबा म्हणाल्या’ असं बोलताना पहिले काही महिने माझी जीभ अडखळायची.

‘मलाही अंडी रंगवायला शिकवाल का?’ असं मी त्यांना विचारलं, तर त्यांनी आधी माझा शब्दच दुरुस्त केला. ही अंडी रंगवत नाहीत, लिहितात. पिसांका हे नावच ‘पिसाती’, म्हणजे लिहिणे, या क्रियापदावरून आलेलं. एक असेल तर पिसांका, अनेक असतील तर पिसांकी. मला एकदम आपल्या वारली बायका आठवल्या. लग्नाचा चौक त्याही काढत नाहीत, लिहितात.

या लेखात मुख्यतः पिसांक्याची रीत सांगते आहे. पुण्यात परत आल्यावर इथल्या हवेत आणि इथल्या दुकानात मिळेल त्या सामानावर ती कशी जमवली, तेही ओघाने येईल. शेवटी दोन-तीन सोप्या रीती आहेत. घरात लहान मुलं असतील तर सरळ शेवटच्या भागाकडे जा, रागावणार नाही.

आधी डोकं उलटं चालवायला शिका

चित्र काढताना आपल्याला लाल फूल हवं असेल तर आपण लाल रंग लावतो. पिसांक्यात तसं नाही. अंडं फिकट रंगातून गडद रंगाकडे बुडवत न्यायचं, आणि प्रत्येक रंगात जे राखायचं ते पुढच्या रंगात बुडवण्याआधी मेणाने झाकायचं. पांढऱ्या कवचावर मेणाची रेघ ओढली, तर ती रेघ शेवटपर्यंत पांढरी राहणार. मग अंडं पिवळ्यात बुडवलं आणि पिवळ्यावर मेण लावलं, तर तो भाग पिवळा राहणार. असं करत करत काळ्यापर्यंत जायचं. बाटिकचं कापड ज्यांनी केलं आहे त्यांना हे लगेच कळेल.

अडचण अशी की मेण लावत जाल तसं अंडं दिसायला वाईट होत जातं. शेवटी हातात एक काळाकुट्ट, गाठीगाठींचा गोळा उरतो. सगळी नक्षी त्या मेणाखाली असते आणि ते उतरवेपर्यंत ती कोणालाच दिसत नाही, करणाऱ्यालाही नाही. म्हणून बसण्यापूर्वी कागदावर रंगांचा क्रम लिहून समोर ठेवा: पांढऱ्यावर काय, पिवळ्यावर काय, नारिंगीवर काय, लालवर काय. मी आजही ठेवते.

एडमंटनच्या पूर्वेला साधारण शंभर किलोमीटरवर व्हेग्रेविल नावाचं गाव आहे. तिथे मैदानात 1975 साली उभारलेला ॲल्युमिनियमचा प्रचंड पिसांका आहे, 31 फूट उंच. तो वाऱ्याबरोबर फिरतो. त्याची भूमिती युटा विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ रोनाल्ड रेश यांनी बसवली, कारण अंड्याच्या पृष्ठभागावर सपाट तुकडे कसे बसवायचे हा साधा प्रश्न नव्हता. 1891 पासून युक्रेनियन शेतकरी या भागात येऊन वसले, आणि सोव्हिएत काळात मायदेशी धार्मिक चालीरीतींवर दडपण आलं तेव्हा ही कला परदेशातल्या अशा वस्त्यांनी जपली. पिसांक्याचा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला तो 2024 मध्ये. बाबांना मात्र त्या ॲल्युमिनियमच्या अंड्याचं फारसं कौतुक नव्हतं. त्यात लाल रंगच नाही, म्हणायच्या. खरंच नाही, सोनेरी, रुपेरी आणि कांस्य एवढेच आहेत.

सामान

मधमाशांचं मेण हवं. साधी मेणबत्ती वितळवून चालणार नाही. तिचं मेण कवचावर नीट धरत नाही, रंगात असतानाच टवके उडतात आणि कडा फुटतात. मधमाशांचं मेण साधारण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळतं आणि कवचाला घट्ट चिकटतं. खादीच्या दुकानात विचारा, नाहीतर पेट्यांतला मध विकणाऱ्यांना विचारा. महाबळेश्वरला गेलात तर तिथे मधवाल्यांकडे चौकशी करा. सुपारीएवढ्या तुकड्यात पाच-सहा अंडी होतात. जळण्यासाठी मात्र साधी मेणबत्ती हवीच.

लेखणीला किस्तका म्हणतात. एका काडीच्या टोकाला पितळेचं किंवा तांब्याचं इवलंसं नरसाळं, तारेने बांधलेलं. मेंदीचा कोन डोळ्यांसमोर आणा आणि त्याला करंगळीच्या नखाएवढा करा, झाली किस्तका. ऑनलाइन मिळते, पण महाग पडते. घरी करायची तर पितळेचा पातळ पत्रा एका सुईभोवती गुंडाळून कोन करा, सुई काढून घ्या, आणि बारीक तांब्याच्या तारेने तो कोन जुन्या पेन्सिलीला काटकोनात बांधा. टोकाचं भोक सुईएवढंच राहिलं पाहिजे. माझ्या पहिल्या तीन फेकाव्या लागल्या, चौथी अजून चालते आहे.

किस्तका नसेल तरी अडत नाही. पेन्सिलीच्या मागच्या खोडरबरात टाचणी खुपसा, तिचं गोल डोकं बाहेर ठेवा. चमच्यात वितळवलेल्या मेणात ते डोकं बुडवायचं, कवचावर टेकवायचं आणि ओढायचं. आधी जाड आणि पुढे निमुळता असा थेंब उमटतो. पाच थेंब गोल मांडले की फूल, ओळीने मांडले की गव्हाची लोंबी. रांगोळीच्या ठिपक्यांवर हात बसलेला असेल तर ही रीत किस्तकेपेक्षा लवकर जमेल. जर्मनीत लुसेशिया भागातले सॉर्ब लोक यासाठी हंसाचं पीस त्रिकोणात किंवा चौकटीच्या आकारात कापून वापरतात, म्हणजे एका टेकवण्यात एक त्रिकोण.

बाकी लागतं ते घरात असतंच. पांढरं व्हिनेगर, रंगापुरत्या रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या (अंडं पूर्ण बुडून आपला चमचा आत जाईल एवढ्या), जुने चमचे, टिश्यू पेपर, मऊ पेन्सिल, रबरबँड, कापसाच्या काड्या.

अंडं

पांढरं, ताजं आणि न उकडलेलं. कवच गुळगुळीत हवं, खडबडीत किंवा पातळ ठिपक्यांचं नको. अंधारात मोबाइलच्या टॉर्चसमोर धरून पाहा, बारीक तडे उजेडात चमकतात. तडा असलेलं अंडं रंगाच्या बरणीत फुटलं तर बरणीभर रंग वाया जातो.

फ्रिजमधून काढल्या काढल्या कामाला बसू नका. आपल्या हवेत थंड अंड्याला दोन मिनिटांत घाम येतो आणि ओलसर कवचावर मेण धरत नाही. दोन-तीन तास बाहेर राहू द्या. साबण लावू नका. कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घालून मऊ फडक्याने हलक्या हाताने पुसा आणि कोरडं करा. घासू नका. कवचावर एक अतिशय पातळ नैसर्गिक थर असतो, तो जिथे ओरखडला जातो तिथे रंग वेगळा चढतो.

आणि हात. हाताला तेल, क्रीम, घाम काहीच नको. एप्रिलच्या पुण्यात हे सांगायला सोपं आहे. त्यात पंखा लावता येत नाही, कारण ज्योत फडफडते आणि किस्तकेतलं मेण वाटेतच गार होतं. मी पहाटे पाच ते आठ बसते. अंडं नेहमी टिश्यूच्या घडीत धरते.

रंग

अंड्याचं कवच म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, वर प्रथिनांचा पातळ पापुद्रा. आम्लात प्रथिनांना धन भार येतो आणि ऋण भार असलेला रंग तिथे जाऊन बसतो. व्हिनेगर घालायचं ते यासाठी. हीच जातकुळी असलेले रंग रेशीम आणि लोकर रंगवायला वापरतात, त्यामुळे कापडाच्या रंगांच्या दुकानात ‘ॲसिड डाय’ मागितलात तर काम होतं. काळा रंग तर तिथूनच घ्या. खाण्याच्या रंगांत खरा काळा मिळत नाही, फार तर उदास जांभळा मिळतो. पिवळा, नारिंगी आणि लाल मात्र खाण्याच्या रंगांच्या पुडीतून चांगले येतात.

एका बरणीला एक पेला उकळतं पाणी, अर्धा चहाचा चमचा पूड, नीट ढवळून पूर्ण गार होऊ द्यायचं, मग एक मोठा चमचा व्हिनेगर. गार होणं महत्त्वाचं. रंग कोमट असेल तर मेण मऊ पडतं, आणि तुम्ही तासभर घालवलेल्या रेघा बरणीच्या तळाशी जातात. पिसांक्यासाठी मिळणाऱ्या तयार पुड्या वापरत असाल तर पाकिटावरच्या सूचना वाचा. त्यांतल्या नारिंगीत सहसा व्हिनेगर घालायचं नसतं.

कापडाचे रंग किंवा पिसांक्याचे तयार रंग खाण्याचे नसतात. त्यात बुडवलेलं अंडं आतून कितीही चांगलं दिसलं तरी ते पोटात जाऊ द्यायचं नाही.

आखणी

अंडं गोल नसल्यामुळे सगळी गंमत आणि सगळा त्रास इथेच आहे. उभा रबरबँड दोन्ही टोकांवरून चढवा आणि त्याच्या कडेने पेन्सिलीची अगदी फिकट रेघ ओढा. रबरबँड काटकोनात फिरवून दुसरी रेघ. मग पोटाशी आडवा पट्टा. आता अंड्याचे आठ भाग झाले. बहुतेक जुन्या नक्ष्या या आठ भागांच्या चौकटीतच बसलेल्या आहेत.

चुकलेली पेन्सिलीची रेघ खोडू नका. खोडरबराचा चिकटा कवचावर राहतो आणि तिथे रंग लागत नाही. रेघ तशीच राहू द्या, मेण उतरवताना बरीचशी निघून जाते आणि उरलेली गडद रंगाखाली लपते.

पहिल्या अंड्याला आठ पाकळ्यांची चांदणी घ्या. बाबा तिला रूझा म्हणत. प्रत्येक बाजूला एक, मध्ये त्रिकोणांचा पट्टा. त्रिकोणांच्या या रांगेला लांडग्याचे दात म्हणतात. पट्ट्यात नागमोडी, कुठेही न तुटणारी रेघ घातली तर तिचं नाव बेस्कोनेच्निक, म्हणजे अंत नसलेली. तिचं सुरुवातीचं टोक शेवटच्या टोकाला जुळलं पाहिजे, आणि पहिल्यांदा ते जुळणार नाही. सगळं अंडं चाळीस त्रिकोणांत वाटायचं अशीही एक प्रसिद्ध नक्षी आहे. चाळीस म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे दिवस, असा तिचा अर्थ लावतात. ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी करा.

लिहायला बसा

किस्तकेचं नरसाळं ज्योतीच्या कडेला धरा, शेंड्यावर नाही. शेंड्यावर काजळी येते. दहा-पंधरा सेकंदांनी ते मेणाच्या तुकड्यात खुपसून थोडं मेण उचला आणि पुन्हा क्षणभर तापवा. पहिला थेंब नेहमी टिश्यूवर टाका, कारण सगळ्यात मोठा डाग त्याच थेंबाचा पडतो. मग टोक कवचावर काटकोनात टेकवा आणि रेघ ओढा. ‘ओढा’ म्हटलं खरं, पण हात जागेवर ठेवून अंडं फिरवायचं असतं. ही सवय लागेपर्यंत रेघा थरथरतात. ज्योतीत तापून मेण काळपट होतं ते बरंच आहे, पांढऱ्या कवचावर रेघ दिसते. दर बोटभर रेघेनंतर किस्तका पुन्हा तापवावी लागते. मेण येत नसेल तर जोर देऊ नका. टोक बुजलं आहे, बारीक तारेने मोकळं करा.

आता क्रम. कोऱ्या पांढऱ्या अंड्यावर चांदणीची बाह्यरेषा आणि पट्ट्याच्या दोन्ही कडा मेणाने लिहा. पिवळ्यात पाच ते दहा मिनिटं बुडवा, चमच्याने काढा, टिश्यूने टिपा. पुसायचं नाही, फक्त टिपायचं. पूर्ण कोरडं झाल्यावर चांदणीच्या एक आड एक पाकळ्या मेणाने भरून टाका. त्या पिवळ्या राहतील.

हिरवा हवा असेल तर इथेच. बरणीत बुडवायचं नाही. कापसाच्या काडीने हिरवा रंग पानांपुरता लावा, वाळू द्या आणि लगेच मेणाने झाका. सगळं अंडं हिरव्यात बुडवलंत तर त्यावर पुढे लाल धड चढणार नाही, मातकट तपकिरी होईल.

मग नारिंगी. बाहेर सांडलेला हिरवा तो बराचसा गिळून टाकतो आणि लालसाठी चांगली जमीन तयार करतो. नारिंगीवर लांडग्याचे अर्धे दात भरा. मग लाल, थोडा जास्त वेळ, दहा-पंधरा मिनिटं. लालवर उरलेल्या पाकळ्या आणि उरलेले दात. शेवटी काळा, पंधरा-वीस मिनिटं. अधूनमधून चमच्याने अंडं फिरवत राहा, नाहीतर जिथे ते बरणीला टेकलं असेल तिथे फिकट चट्टा राहतो.

दर वेळी व्हिनेगरमधून अंडं काढताना त्यावर बारीक बुडबुडे दिसतील. आम्ल कवचाला थोडं थोडं खातं आहे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून रात्रभर अंडं रंगात विसरू नका.

या सगळ्याला पहिल्या खेपेला तीन-चार तास लागतात. युक्रेनमध्ये बायका घर झोपल्यावर रात्री हे करायला बसत. का, ते मला पहिल्याच दिवशी कळलं: मध्येच कोणी चहा मागायला नको.

मेण उतरवणं

इतक्या उपद्व्यापानंतरची मजा ती हीच. काळं अंडं ज्योतीच्या बाजूला, साधारण दोन सेंटिमीटरवर धरा. ज्योतीच्या वर कधीही नाही, काजळी कवचात बसते आणि मग निघत नाही. पाच-सहा सेकंदांत मेण ओलं चमकू लागेल. लगेच स्वच्छ टिश्यूने एका झटक्यात पुसा. पुढचा भाग, नवा टिश्यू. तोच टिश्यू पुन्हा वापरलात तर काळपट मेण पांढऱ्या रेघांवर फासलं जातं. केस बांधा, ओढणी किंवा पदर खोचून घ्या. मुलांना या टप्प्यावर बघू द्या, पण अंडं त्यांच्या हातात देऊ नका.

आपल्या हवेतला धोका

जुन्या रिवाजाप्रमाणे पिसांका भरलेलाच ठेवतात. कवचाला सूक्ष्म छिद्रं असतात, त्यातून हवा खेळती राहिली तर बलक आणि पांढरा काही वर्षांत आत वाळून जातो. थंड, कोरड्या घरात हे जमतं. मी तसाच एक पुण्यात शोकेसमध्ये, बंद काचेआड ठेवला होता. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी फट्कन आवाज आला. आत वायू साठून अंडं फुटलं होतं, आणि त्या वासाचं वर्णन मी इथे करणार नाही. शोकेस पंधरा दिवस बाल्कनीत होती. इथल्या उन्हाळ्यात भरलेलं अंडं ठेवू नका. ते रिकामं करा.

पण कधी? आधी रिकामं करून लिहायला घेतलं तर ते रंगात तरंगतं, चमच्याने सतत दाबून धरावं लागतं, आणि भोकं मेणाने बंद केली नाहीत तर रंग आत शिरतो. म्हणून मी लिहून झाल्यावर करते. मात्र त्याआधी वार्निश. हे रंग पाण्यात विरघळणारे आहेत, आणि आतला पांढरा बाहेर ओघळला तर तो नक्षी घेऊनच जाईल. पाण्यात मिसळणारं वार्निशही चालत नाही, तेही रंग पसरवतं. हार्डवेअरच्या दुकानातून तेलाधारित पॉलियुरेथेन वार्निशचा लहान डबा आणा. हातमोजा घालून बोटाने पातळ थर चोळा, आणि अंडं तीन खिळ्यांच्या टेकणीवर वाळत ठेवा. लाकडी फळीत त्रिकोणात तीन खिळे खालून ठोकले की टेकणी तयार. खिडक्या उघड्या ठेवा, मेणबत्ती विझवलेली असू दे. एक दिवस वाळवून दुसरा थर.

मग जाड टोकाला दाभणाने किंवा बारीक ड्रिलने एक भोक करा. एकच पुरतं. आत तार फिरवून बलक फोडा. औषधाच्या दुकानातून दहा मिलिलिटरची सिरिंज आणि सुई आणा, भोक खाली धरून सुईने आत हवा भरा. हवा आत जाते तसा मगज बाहेर येतो. घाई केली तर दाबाने कवच तडकतं, थोडी थोडी हवा घाला. शेवटी सिरिंजने कोमट पाणी आत सोडून दोनदा खळबळा, आणि भोक खाली करून टिश्यूवर रात्रभर निथळू द्या. तोंडाने फुंकून रिकामं करण्याची जुनी रीत आहे, पण कच्च्या अंड्याला ओठ लावायचे आणि वर त्यावर कापडाचा रंग, नकोच.

बिघडलं तर

मेणाचा नको तिथे थेंब पडला तर खरवडून उपयोग नाही. कवचाने मेण प्यायलेलं असतं, तिथे रंग धरणारच नाही. त्या थेंबाचं फूल करा आणि समोरच्या बाजूला तसंच दुसरं फूल काढा, मुद्दाम केल्यासारखं दिसतं. बाबांच्या अंड्यांवर पाखरं फार असायची. त्यांतली निम्मी थेंबांतून उडालेली होती, हे त्यांनी मला तिसऱ्या वर्षी सांगितलं.

रंग चट्ट्यापट्ट्यांचा आला तर बहुधा कवचाला तेल लागलं आहे. पुढच्या गडद रंगात बऱ्याचदा झाकलं जातं. पिवळाच अजिबात चढत नसेल तर व्हिनेगर घालायचं राहिलं असेल. सगळंच फसलं, तर अंडं काळ्यात बुडवा आणि पुढची रीत वाचा.

खरवडून: द्रापांका

अंडं एकाच गडद रंगात चांगलं अर्धा-पाऊण तास बुडवा, वाळवा, आणि टोकदार सुईने किंवा कटरच्या पात्याने रंग खरवडून खालचं पांढरं कवच उघडं पाडा. मेण नाही, ज्योत नाही, क्रम नाही. इथे विचार सरळ चालतो: जिथे खरवडाल तिथे पांढरं. बारीक, लेसच्या जाळीसारखं काम यात फार सुंदर होतं. कवच अवघं तिसरा हिस्सा मिलिमीटरभर जाड असतं, त्यामुळे सुई आडवी धरा, खुपसू नका. फसलेला पिसांका असाच वाचवता येतो.

तपकिरी कवचाची गावठी अंडी असतील तर रंगही लागत नाही. मेणाने नक्षी लिहा आणि अंडं नुसत्या व्हिनेगरमध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवा. तपकिरी रंग कवचाच्या वरच्या थरातच असतो, तो सुटून येतो. जुन्या मऊ टूथब्रशने हलकेच फिरवलं की खाली पांढरं. मग मेण उतरवायचं: पांढऱ्या जमिनीवर तपकिरी नक्षी, किंचित उठावाची.

मुलांसाठी, आणि खाण्यासाठी: कांद्याच्या सालीतली अंडी

हे पिसांक्याचं साधं भावंड. युक्रेनमध्ये एकरंगी उकडलेल्या अंड्याला क्राशांका म्हणतात, ते ईस्टरला खायचंच असतं. ग्रीसमध्ये हीच अंडी परंपरेने लाल रंगात करतात आणि एकमेकांच्या अंड्यावर आपटून कोणाचं फुटत नाही ते बघतात.

लाल कांद्याची कोरडी सालं पंधरवडाभर जमवत राहा, आठ-दहा कांद्यांची तरी. एक लिटर पाण्यात अर्धा तास उकळा, गाळा, गार करा, दोन मोठे चमचे व्हिनेगर घाला. आता पान. कोथिंबिरीचं पान यासाठी देवाने बनवलं आहे, कडा सुबक आणि पातळ. मेथी किंवा लाजाळूचं छोटं पानही चालतं. पान ओलं करून अंड्यावर चपटं चिकटवा, जुना नायलॉनचा मोजा अंड्यावर ताणून चढवा, मागे घट्ट गाठ मारा. पान जितकं घट्ट दाबलं जाईल तितकी कड स्वच्छ येईल. मुलांना मोजा ताणायला दोन हात कमी पडतात, तेवढी मदत करा.

अंडी गार रंगात सोडून मग गॅस लावा. उकळत्या पाण्यात एकदम टाकली तर तडकतात. उकळी आल्यावर मंद आचेवर दहा-बारा मिनिटं, मग गॅस बंद करून त्याच पाण्यात तासभर मुरू द्या. मोजा कापून पान सोलून काढलं की विटेसारख्या गडद तांबूस अंड्यावर पांढरं, शिरांसकट पान उमटलेलं असतं. तेलाचं बोट फिरवा, चमक येते.

हळदीचा पिवळा सुरेख येतो, पण उजेडात चटकन उडतो. जांभळ्या कोबीच्या उकळीत व्हिनेगर घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं तर पांढऱ्या अंड्यावर निळा येतो. मुलांचा त्यावर विश्वास बसत नाही, कारण पाणी तर गुलाबी असतं. बीटचा गाजावाजा फार, रंग मात्र मळकट.

ही अंडी मांडून ठेवायची असतील तर फ्रिजमध्येच, दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नकोत, आणि आठवड्याच्या आत संपवा. सोलताना दिसेल की जिथे कवचाला बारीक तडा गेला होता तिथून सालीचा रंग आत झिरपून पांढऱ्यावर तांबड्या रेषांचं जाळं उमटलं आहे. आमच्याकडे त्या अंड्यांवरून भांडणं होतात. मीठ, मिरपूड, आणि बरोबर तोच कांदा बारीक चिरून.